टॅबलेटमधला नंबर कोणाचा?

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की सौद्याच्या वेळी व्यापाऱ्याच्या हातात पूर्वी एक हळकुंड तेवढे असे. ते मोडायचे, आतला रंग निरखायचा आणि बोली लावायची. हळकुंड आजही मोडले जातेच. परंतु दुसऱ्या हातात आता बहुधा एक पडदा असतो. परगावच्या ग्राहकाला मालाचे छायाचित्र पाठवणे, त्याचा होकार घेणे, बिल करणे, ई-वे बिल काढणे ही सारी कामे उभ्या उभ्या होतात. मोबाइलचा पडदा या कामांना अपुरा पडतो आणि लॅपटॉप पोत्यांच्या थप्प्यांमधून मिरवणे सोयीचे नाही. म्हणून अनेक पेढ्यांनी टॅबलेटचा मार्ग धरला आहे. टॅबलेट घेणे सोपे असते. तो दुकानाबाहेर चालता करणे, म्हणजेच त्यावर मोबाइल डेटाची सेवा घेणे, हे मात्र वाटते तितके सरळ नाही, याचा अनुभव यार्डातील एका पेढीने नुकताच घेतला. पेढीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. अशा पेढ्या गावोगावी आहेत.

या घरात कर्ते पुरुष म्हणजे अण्णा; वय सत्तरीच्या पुढे. खरेदी-विक्री आता मुलगा पाहतो, हिशेब सूनबाई पाहतात, नातू वाणिज्य शाखेत शिकतो आणि पेढीवर जुने दिवाणजी आहेत. दिवाळी पाडव्याला नातवाच्या आग्रहाने टॅबलेट आला. घरी ब्रॉडबँड असल्याने चार दिवस सारे सुरळीत चालले. पाचव्या दिवशी तो यार्डात नेला, तेव्हा पडद्यावर काहीच उघडेना. सिम घालावे म्हणून नातवाने टॅबलेटच्या चारही कडा बोटांनी चाचपल्या. पण सिमची खाच कोठेच सापडली नाही.

ही चूक फार घरांत होते. एकाच नावाचा, एकाच रंगाचा टॅबलेट दोन प्रकारांत विकला जातो. एक केवळ वाय-फायवर चालणारा आणि दुसरा सिम स्वीकारणारा. दुसऱ्या प्रकाराच्या खोक्यावर ‘सेल्युलर’, ‘एलटीई’ किंवा ‘५जी’ यांपैकी एखादा शब्द छापलेला असतो. दुकानात सवलतीची पाटी बहुधा पहिल्या प्रकारावर लावलेली असते, कारण तो स्वस्त असतो. ॲपलने मार्च २०२५ मध्ये आणलेल्या साध्या आयपॅडची भारतातील किंमत वाय-फायपुरती ३४,९०० रुपये आणि सेल्युलरसह ४९,९०० रुपये अशी जाहीर झाली होती. म्हणजे केवळ सिमच्या सोयीसाठी १५,००० रुपये अधिक. एकदा वाय-फायचा टॅबलेट घेतला की पुढे पैसे देऊनही त्यात सिमची सोय करून घेता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे रेडिओचे भाग आणि अँटेना त्यात मुळातच नसतात. खात्री करण्याचा एक सोपा उपाय आहे. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या सदराखाली १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसला, तर तो टॅबलेट मोबाइल जाळ्याशी जोडता येतो. न दिसला, तर नाही. आयपॅडच्या बाबतीत आणखी एक भेद आहे, जो विक्रेता क्वचितच सांगतो. उपग्रहावरून ठिकाण शोधणारे जीपीएस केवळ सेल्युलर आयपॅडमध्येच असते. माल पोहोचवणाऱ्या माणसाच्या हाती आयपॅड द्यायचा असेल तर हे आधी ठाऊक असलेले बरे.

तो पहिला टॅबलेट आजींकडे गेला. पेढीवरच्या कामासाठी मात्र मुलाने लगेच दुसरा घेतला नाही. आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून दोन महिने काम भागवले. हा उपाय कमी लेखण्यासारखा नाही. ज्या घरात टॅबलेट आठवड्यातून दोनदा बाहेर जातो, तेथे वेगळे सिम घेणे ही शुद्ध उधळपट्टी होय. फोनच्या रिचार्जमध्ये मिळणारा डेटा बहुतेक वेळा शिल्लक राहतो, तो टॅबलेटला पुरतो. अडचण एवढीच, की हॉटस्पॉट फोनबरोबर चालतो. मुलगा गोदामावर गेला की पेढीवरचा टॅबलेट मुका होई. दुपारपर्यंत फोनची बॅटरी निम्म्यावर येई, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फोन तापून हॉटस्पॉट आपोआप बंद पडण्याचे प्रकार सुरू झाले. शेवटी सिमचा टॅबलेट घेण्याचे ठरले.

मधल्या काळात कोणाला तरी कपाटातला दहा-बारा वर्षांपूर्वीचा टॅबलेट आठवला. त्याला सिमची खाचही होती. पण तो ३जी काळातला. जिओचे जाळे आरंभापासूनच ४जीचे, त्यामुळे त्या सिमला हे यंत्र ओळखतच नाही. एअरटेलने आपली ३जी सेवा २०२० मध्ये गुंडाळली. खाच आहे म्हणून यंत्र चालेल असे नाही. जुना टॅबलेट पुन्हा कपाटात गेला.

नवा अँड्रॉइड टॅबलेट आला, त्यावर फोनही करता येत होते. आता प्रश्न उरला तो सिम कोणते घालायचे हा, आणि येथेच या घराची खरी गफलत झाली. नातवाने सुचवले की अण्णांचे सिम घालावे. अण्णा दिवसातून चार फोन करतात, त्यांचा दिवसाचा दीड जीबी डेटा रोज वाया जातो; मग दुसरे रिचार्ज कशाला? वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शोभेल असा तो हिशेब होता. बहुतेक प्रीपेड योजना २८ दिवसांच्या असतात. वर्षाच्या ३६५ दिवसांना २८ ने भागले तर रिचार्ज बारा नव्हे, तेरा भरावे लागतात. समजा रिचार्ज ३०० रुपयांचे, तर वर्षाला ३,६०० नव्हे, ३,९०० रुपये लागतात. (ग्राहकांच्या याच तक्रारीवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक योजना दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवण्यास सांगितले. अशा योजना आहेत. पण त्या विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही.) ३,९०० रुपये वाचत असतील तर वाचवावेत, असे सर्वांना वाटले.

अण्णांना मात्र ते रुचले नाही. त्यांचा नंबर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत त्या काळातला, म्हणजे १ मे २००३ च्या आधीचा. बिलबुकांवर तोच, यार्डातल्या पाटीवर तोच. “माझा फोन तुमच्या पाटीत घालून फिरवणार होय रे?” असे ते नातवाला म्हणाले. नातू हसला. त्यांच्या बटणांच्या फोनसाठी एक नवे सिम आणून दिले गेले, आणि जुना नंबर टॅबलेटमध्ये गेला.

कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की तो नंबर केवळ बोलण्यासाठी नव्हता. पेढीचे चालू खाते, अण्णांचे बचत खाते, जीएसटीची नोंदणी, ई-वे बिलाचे लॉगिन, आयकराचे खाते, आधार, डिमॅट या सर्वांच्या मुळाशी तोच दहा अंकी क्रमांक होता. पूर्वी बँकेत नमुना सहीचे कार्ड असे. धनादेश आला की रोखपालाशेजारचा अधिकारी ते कार्ड काढून सही ताडून पाही आणि ती जुळल्याखेरीज पैसा हलत नसे. आज ते काम ओटीपी करतो. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक ही आजच्या व्यापाऱ्याची नमुना सही होय. नमुना सहीचे कार्ड कोणी गोदामात, टेंपोत, हमालांच्या गर्दीत फिरवले नसते. या घराने नकळत तेच केले.

पहिले काही दिवस केवळ गमतीचे गेले. अण्णांचे जुने स्नेही फोन करीत आणि तो टॅबलेटवर वाजे. टॅबलेट कानाला लावता येत नाही, त्यामुळे संभाषण स्पीकरवरून साऱ्या पेढीला ऐकू जाई. एका स्नेह्यांनी आपल्या मुलाच्या सोयरिकीची खाजगी बोलणी अशी चार अडत्यांच्या समोर उघड केली. ओटीपीचे संदेश कुलूप लावलेल्या पडद्यावरही ठळक दिसत; जो कोणी जवळ उभा असेल त्याला वाचता येत.

येथे आयपॅडविषयी सांगणे आवश्यक आहे. आयपॅडमध्ये घातलेल्या सिमवर नेहमीचा फोन येत नाही आणि करताही येत नाही. ते सिम केवळ डेटापुरते असते. बँकेचा एसएमएस त्यावर वाचता येईल असेही धरून चालू नये. म्हणजे हाच प्रयोग आयपॅडवर झाला असता, तर नंबर साऱ्या जगासाठी मुका झाला असता. शिवाय २०२४ पासूनच्या नव्या आयपॅडांत सिमची खाचच राहिलेली नाही. त्यांना ई-सिम लागते. ई-सिम म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी यंत्रातील चिपवर उतरवलेला नंबर. कंपनी एक क्यूआर कोड देते, तो स्कॅन केला की सेवा सुरू होते. सोय चांगली आहे. पण साधे सिम जसे एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालता येते, तसे ई-सिम हलत नाही. त्यासाठी नवी विनंती करावी लागते. आणि ई-सिम करून देतो असे सांगून फोनवरून कोड किंवा ओटीपी मागणारा माणूस कंपनीचा नसतो. त्याच्या हाती कोड गेला की नंबर त्याच्या यंत्रात जातो आणि आपल्या फोनवरची रेंज जाते.

फाल्गुनातल्या एका सोमवारी संध्याकाळी पेढीवरचा मुलगा गोदामातून परत येताना टॅबलेट रिक्षात विसरला. अर्ध्या तासाने लक्षात आले. त्या नंबरवर फोन लावला, तो वाजत राहिला. नंतर यंत्र बंद झाले. सूनबाईंनी पहिले काम योग्य केले. कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून नंबर बंद करवला आणि बँकेला कळवून नेटबँकिंग थांबवले. मंगळवारी सकाळी अण्णा स्वतः आधार कार्ड घेऊन गॅलरीत जाऊन बसले, कारण सिम त्यांच्या नावावर होते आणि दुसरा कोणी जाऊन भागणार नव्हते. अकरा वाजेपर्यंत त्याच नंबराचे नवे सिम चालूही झाले. फोन येऊ लागले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ओटीपी मात्र येईना. सिम बदलले की त्यानंतर २४ तास त्या नंबरवर येणारे व जाणारे सर्व एसएमएस बंद ठेवावेत, असा दूरसंचार विभागाचा २०२२ पासूनचा नियम आहे. एखाद्या भामट्याने दुसऱ्याच्या नावाने सिम काढले, तर खऱ्या मालकाला सावध होण्यास एक दिवस मिळावा, हा त्यामागचा हेतू. नियम उत्तम आहे. परंतु त्या मंगळवारी इंदूरला जाणारा हळदीचा ट्रक भरून दारात उभा होता. राज्याबाहेर ५० हजारांपेक्षा अधिक किमतीचा माल जाताना ई-वे बिल लागते (महाराष्ट्राच्या आत ही मर्यादा एक लाखाची आहे) आणि १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर प्रवेश करताना पासवर्डबरोबर ओटीपीही सर्वच व्यापाऱ्यांना सक्तीचा झाला आहे. पेढीवर लॉगिन एकच, त्याचा नंबर अण्णांचा. यूपीआय नव्याने सुरू करावे, तर त्यासाठी बँकेत नोंदलेल्या नंबरवरून एक एसएमएस जावा लागतो; तोही बंद. अडत्यांची देणी दुपारपर्यंत पोहोचवायची होती.

मार्ग निघाला तो दोन जुन्या सोयींमुळे. ई-वे बिल मालाचा मालकच काढू शकतो असे नाही; बिलाच्या आधारे वाहतूकदारही ते काढू शकतो. ट्रान्सपोर्टवाल्याने आपल्या लॉगिनमधून ते काढून दिले आणि ट्रक दिवेलागणीला सुटला, सहा तास उशिरा. अडत्यांसाठी दिवाणजींनी तिजोरीतले चेकबुक काढले. नातवाने अण्णांना इतके धनादेश एका बैठकीत लिहिताना प्रथमच पाहिले.

बुधवारी दुपारी रिक्षावाला स्वतः टॅबलेट घेऊन आला. पाठीमागे पेढीचा स्टिकर होता, त्यावरून त्याने पत्ता शोधला. बॅटरी संपल्याने यंत्र बंद पडले होते, एवढेच. पोलिसांत तक्रार दिलेली होती. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय टाकून यंत्रच बंद करवण्याचा अर्ज करायचे तेवढे राहिले होते. पैशाचे नुकसान काही झाले नाही. तरीही त्या रात्री घरात सविस्तर बोलणे झाले आणि दुसऱ्या दिवसापासून रचना बदलली.

अण्णांचे सिम त्यांच्या बटणांच्या फोनमध्ये परत गेले. टॅबलेटसाठी नवे सिम घ्यायचे ठरले, तेव्हा ते कोणाच्या नावावर घ्यावे यावर चर्चा झाली. पेढीवरच्या मुलाच्या नावावर घेणे सर्वांत सोपे होते आणि अनेक दुकानांत तसे सर्रास होते. पण तो नोकरी सोडून गेला की नंबरही त्याच्याबरोबर जातो. फर्मच्या नावाने घाऊक सिम घेण्याची जुनी पद्धत डिसेंबर २०२३ पासून बंद झाली आहे. आता व्यवसायाच्या नावाने जोडणी मिळते, पण ते सिम प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येकाचे केवायसी द्यावे लागते. एका व्यक्तीच्या नावावर सर्व कंपन्या मिळून नऊ जोडण्यांची मर्यादा आहे. मोठ्या घरात कर्त्या पुरुषाच्याच नावावर साऱ्यांची सिमे घेण्याची रीत असते. तेथे हा आकडा कधी गाठला जातो ते कळतही नाही. शेवटी मुलाच्या नावावर सिम घेतले गेले. तो नंबर कोणालाही दिलेला नाही. बँकेत नाही, जीएसटीत नाही, बिलबुकावर नाही. हरवलाच, तर बंद करायचा आणि दुसरा घ्यायचा.

योजना निवडताना सूनबाईंनी महिनाभराचा वापर टॅबलेटच्या सेटिंगमध्येच पाहिला. बिले, ई-वे बिले, छायाचित्रे यांना डेटा फारसा लागत नाही. डेटा खातात ते चलच्चित्र आणि यंत्राची अद्ययावत आवृत्ती उतरवणे. उत्तम दर्जाचे चलच्चित्र तासाला तीन जीबीपर्यंत जाऊ शकते. दिवसाचा वाटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात सरकारी संकेतस्थळ उघडण्याची वाट पाहणे म्हणजे संयमाची परीक्षाच. म्हणून ‘डेटा सेव्हर’ चालू केला आणि आवृत्त्या केवळ घरच्या वाय-फायवर उतरतील अशी सोय केली. एक गोष्ट दुकानदाराने सांगितली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. केवळ डेटाची छोटी ‘ॲड-ऑन’ रिचार्जे स्वस्त दिसतात. पण मूळ योजना चालू असेल तरच ती बहुतेक वेळा उपयोगी पडतात. पोस्टपेड घेणाऱ्या कुटुंबांना जोडसिम घेऊन एकाच बिलात डेटा वाटून घेता येतो. ज्यांच्या घरात आधीच पोस्टपेड आहे त्यांनी हा पर्याय आधी विचारावा. नवे सिम घातल्यावरही इंटरनेट आले नाही, तर बहुधा दोष एपीएन नावाच्या नोंदीत असतो. ती सहसा आपोआप भरली जाते. न भरल्यास गॅलरीतला मुलगा दोन मिनिटांत भरून देतो, त्यासाठी यंत्र दुरुस्तीला टाकू नये.

ई-वे बिलासाठी दिवाणजी आणि मुलगा यांच्या नावाने वेगवेगळी उप-लॉगिने करण्यात आली. प्रत्येकाचा ओटीपी ज्याच्या-त्याच्या नंबरवर येतो, त्यामुळे अण्णा दुपारी झोपले असले तरी ट्रक अडत नाही. ही सोय पहिल्या दिवसापासून संकेतस्थळावर होतीच. कोणी पाहिली नव्हती. व्हॉट्सॲपसाठी टॅबलेटला स्वतःचा नंबर लागत नाही. मुलाच्या फोनवरचे खाते जोडले की पुरते. अशी चार यंत्रे एका खात्याला जोडता येतात. मूळ फोन १४ दिवस न वापरल्यास मात्र ती तुटतात. पडद्याला कुलूप घातले, कुलुपावर संदेश दिसणार नाहीत असे केले आणि सिमलाही पिन लावला. हा पिन लावताना अंदाजाने आकडे दाबू नयेत. तीनदा चुकल्यास पीयूके क्रमांक मागितला जातो, आणि तो दहा वेळा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते.

सूनबाईंनी आणखी एक गोष्ट केली, जी अनेक पेढ्या करीत नाहीत. टॅबलेटचे बिल फर्मच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घेतले होते. टॅबलेटवर आणि दूरसंचार सेवेवर कर १८ टक्के. ४९,९०० रुपयांच्या यंत्रात सुमारे ७,६१२ रुपये कराचे असतात, आणि वर्षाच्या ३,९०० रुपयांच्या रिचार्जात सुमारे ५९५. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला व्यवसायासाठी केलेल्या या खर्चावरील कर परत धरता येतो. मात्र बिलावर आपला क्रमांक हवा आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेले हवे. फोनवरच्या ॲपमधून घाईने मारलेल्या रिचार्जाचे असे बिल बहुधा मिळत नाही. यंत्रावरील कर असा परत धरला, तर त्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्यांना हा लाभ मुळात नाही.

आणि टॅबलेट हंगामानंतर कपाटात जाणार असेल, तर सिमचे काय? नव्वद दिवस त्यावर फोन, संदेश, डेटा काहीच वापर झाला नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असली, तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. शिल्लक असल्यास २० रुपये कापून तीस दिवसांची मुदत मिळते. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. ज्या नंबरला बँक खाते जोडलेले आहे असा नंबर कपाटात झोपू देणे किती घातक, हे यावरून ध्यानात यावे. या पेढीच्या टॅबलेटचा नंबर गेला तर मात्र कोणाचेच काही बिघडणार नाही.

आजींकडे गेलेला पहिला टॅबलेट सर्वांत सुखात आहे. चातुर्मासात त्यांना घरी बसून प्रवचने ऐकता येतात, परदेशातल्या नातीशी बोलता येते, आणि घरच्या वाय-फायबाहेर त्याला नेण्याची त्यांना इच्छाही नाही. माहेरी कुंभोजला गेल्या की भाची आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावून देते.

या सगळ्याच्या ओघात नातवाने संचार साथीवर अण्णांच्या नावावर किती जोडण्या आहेत ते पाहिले. तेथे आपल्या नावावरचे नंबर थोडे झाकून दाखवले जातात आणि प्रत्येकासमोर ‘हा माझा नंबर नाही’, ‘नको आहे’ किंवा ‘हवा आहे’ असे सांगता येते. घरातल्या चार जोडण्या ओळखीच्या निघाल्या. पाचवी कोणाचीच नव्हती. शेवटचे अंक पाहून दिवाणजींना आठवले, की पेढीवर पूर्वी असलेल्या टेंपोचालकाला अण्णांनी आपल्या नावावर सिम काढून दिले होते. तो सहा वर्षांपूर्वी काम सोडून मिरजेला गेला. नंबर मात्र चालूच होता, अण्णांच्या नावावर. नातू ‘नको आहे’ हे बटण दाबणार, तोच अण्णांनी त्याचा हात धरला.

“आधी त्याला फोन लाव. सहा वर्षे त्याच नंबरवर त्याचे पोट चालले असेल. आपण बटण दाबले की त्याची सगळी गिऱ्हाइके तुटतील. म्हणावे, आधार कार्ड घेऊन ये, नंबर तुझ्या नावावर करून घेऊ.”

पुढच्या गुरुवारी तो माणूस पेढीवर आला. अण्णा त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा गॅलरीत गेले.